दोनशे सतरावा फॉर्म

१

दोनशे सतरा नंबरच्या फॉर्मात त्रेचाळीस फरक निघाले.

एखाद-दुसरा फरक रोजचाच असतो. एकच फॉर्म दोन माणसं वेगवेगळी बसून यंत्रात भरतात, यंत्र दोन्ही नोंदी शेजारी शेजारी धरतं आणि जुळलं नाही तिथं एक ओळ छापतं. तीन ओळी आल्या तर बोटं दमली म्हणायचं. पाच आल्या तर घरी कुरबुर झाली असेल म्हणायचं आणि चहा द्यायचा. त्रेचाळीस ओळींना काय म्हणायचं ते त्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं.

कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नऊ शाळांतून चारशे बारा फॉर्म तिथं आले होते. चौदा ते सोळा वर्षांची मुलं, फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. गांजा ओढला आहेस का? किती वेळा? कुणाबरोबर? घरी कोण कोण असतं? भांडणं होतात का? झोप लागते का? कशाबरोबर काय येतं, कोणत्या घरातून कोणतं मूल धुराकडे जातं, याचा हिशोब वरच्या मॅडम मांडायच्या. खाली बसून मुलांच्या खुणा एकेक करून उचलायच्या, ते काम दोघांचं.

पहिली नोंद टिंबताईची. पन्नाशी ओलांडलेली बाई, डोळ्यांवर दोन चष्मे आलटून पालटून. पान भरून झालं की खालच्या कोपऱ्यात लाल शाईचं एक टिंब द्यायची, म्हणून हे नाव. दुसरी नोंद करायचे त्यांना सगळे नुसतं 'दुसरे' म्हणत. 'दुसरे, पंखा कमी करा.' 'दुसरे, चहा आला.' तेही हसून म्हणायचे, "आपलं आयुष्यात काही पहिलं आलंच नाही."

टिंबताईनं कपाटातून दोनशे सतरा काढला आणि पडद्याशी लावून बघितला. कागद सांगत होता: हे मूल कधीच ओढत नाही, घरी सगळं छान, झोप उत्तम. दुसऱ्यांची नोंदही तेच सांगत होती. तिची स्वतःची नोंद मात्र सांगत होती: रोज ओढते. माल मैत्रीण आणते. पुडी कुठं असते? 'माझ्याकडे.' का ओढतेस? 'इतर', आणि पुढच्या रेघेवर हातानं लिहिलेला एकच शब्द, 'सोबत'.

आणि शेवटचं पान. 'तुला अजून काही सांगायचं आहे का?' या प्रश्नाखाली कागद कोरा होता. पडद्यावर तिनं तीन आठवड्यांपूर्वी, अक्षर न अक्षर उतरवून घेतलेल्या ओळी होत्या:

मला कुणीतरी एकटीला बाजूला बोलवून विचारा. परीक्षा संपायच्या आत. आपणहून मी सांगणार नाही. पण विचारलं तर खरं सांगेन.

टिंबताईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. परीक्षा शनिवारी संपली होती. आज मंगळवार होता.

२

"ताई, दुसऱ्या कुठल्या फॉर्मचं यात चढलं असेल," मॅडम म्हणाल्या. "होतं असं. दिवसाला चाळीस फॉर्म म्हणजे काय थट्टा आहे?"

"मग तो दुसरा फॉर्म कुठंतरी असेल ना? त्या गठ्ठ्यातले सगळे मी आत्ता उलटून आले. या ओळी एकाही शेवटच्या पानावर नाहीत."

मॅडमनी फॉर्म हातात घेऊन उलटसुलट बघितला. वयानं त्या टिंबताईच्या मुलीएवढ्या. शिकलेल्या, सरळ, थोड्या घाईच्या.

"आणि मी पिवळी चिठ्ठी लावली होती, मॅडम."

पिवळ्या चिठ्ठीचा नियम सगळ्यांना पाठ होता. मूल रोज ओढत असेल, किंवा शेवटच्या पानावर मदत मागत असेल, तर फॉर्मला पिवळी चिठ्ठी टाचायची आणि मॅडमच्या दाराबाहेरच्या लाल ट्रेमध्ये ठेवायचा. चिठ्ठीवर काही लिहायचं नाही. मॅडमनी नंबरावरून शाळा आणि वर्ग काढायचा, आणि शाळेतल्या समुपदेशक बाईंनी त्या वर्गातल्या प्रत्येकाला एकेकटं बोलवायचं. सगळ्यांनाच बोलावलं की कुणावर बोट राहत नाही. शाळेत फॉर्म वाटताना मुलांना तसं सांगितलंही होतं: शेवटच्या पानावर लिहा, आम्ही येऊ.

"माझ्याकडे पिवळी चिठ्ठी आलीच नाही," मॅडम म्हणाल्या. "आली असती तर मी थांबले असते?"

"तुम्ही थांबला असतात असं मी कुठं म्हणतेय?"

"तुमचे डोळे म्हणतायत."

मॅडमनी वही काढली. नियमानं अशी चिठ्ठी आली की अख्खं काम आठवडाभर थांबतं, आणि त्या आठवड्यात त्यांना काम थांबवून चालणार नव्हतं. हे टिंबताईलाही ठाऊक होतं. पण वहीत प्रवासाची तिकिटं चिकटवलेली होती. टिंबताईनं फॉर्म ट्रेमध्ये ठेवला तो तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी दुपारी. मॅडम मंगळवारपासून परगावी होत्या, परत आल्या शुक्रवारी सकाळी.

"वर्ग तरी सांगा. समुपदेशक बाईंना आता फोन केला तर?"

"नववीचा आहे. सुट्टी लागली, ताई. शाळेला कुलूप आहे. चाळीस मुलं चाळीस दिशांना गेली."

खिडकीखाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत राहिलं. टिंबताईनं चष्मा बदलला.

"म्हणजे आता एकच वाट राहिली," ती म्हणाली. "फॉर्म कुणी बदलला ते शोधायचं. अनोळखी मुलाचा फॉर्म कोण कशाला बदलेल? ज्यानं बदलला, त्यानं ती मुलगी ओळखली. तो सापडला की ती सापडली."

३

कपाटाची किल्ली मामांकडे. मामा कचेरीचे शिपाई, निवृत्तीला आठ महिने उरलेले.

"किल्ली माझ्याकडे आहे म्हणजे काय, ताई, मीटरच्या खिळ्याला टांगलेली असते. झुरळालासुद्धा माहीत आहे."

"कोरे फॉर्म?"

"त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. आणि नंबराचा शिक्काही तिथंच." मामांनी आवाज उतरवला. "माझ्यावर संशय आहे होय? अहो, मला अक्षर दिसायला चष्मा लागतो, आणि चष्मा सापडायला बायको लागते. मी कुणाचं अक्षर ओळखणार?"

टिंबताईला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"बुधवारी ट्रेमधला फॉर्म कुणी आत ठेवला?"

"मीच. संध्याकाळी ट्रेमध्ये राहील ते सगळं मी कपाटात टाकतो. मॅडम नसल्या तरी. पिवळ्या चिठ्ठीसकट टाकला, आठवतंय ना. वरच ठेवला, दिसेल असा." मग त्यांना काही आठवलं. "गुरुवारी दुपारी त्या नऊ शाळांतल्या एकीचे मुख्याध्यापक आले होते बघा. मॅडमना भेटायला. मॅडम नाहीत म्हटल्यावर बसून राहिले. तुम्ही दोघं जेवायला गेला होतात, मी चहा सांगायला खाली गेलो. पंधरा मिनिटं ते होते आणि कपाट होतं. उघडं."

मुख्याध्यापकांना फोन लावला. आवाज सभागृहात घुमावा तसा घुमत आला.

"आमच्या शाळेत असलं काही नाही, बाई. मी तेव्हाही तेच सांगायला आलो होतो."

"सर, तुम्ही गठ्ठे उघडून बघितलेत."

पलीकडचा आवाज एकदम घरगुती झाला. "बघितले. खोटं कशाला बोलू? आमचा गठ्ठा काढून न्यावा असंही मनात आलं होतं. पण शाळेचं नावच नाही कशावर! नुसते नंबर. कोणता आमचा, कोणता दुसऱ्यांचा, मला काय कळणार? चहा प्यायलो आणि आलो."

"वरच्या फॉर्मला पिवळी चिठ्ठी होती का?"

"पिवळी? छे. चार गठ्ठे उलटले मी. पिवळं काही नव्हतं."

तिनं फोन ठेवला. माणूस खोटं बोलणाऱ्यांतला होता, पण आत्ताचं खोटं नव्हतं. स्वतःची चोरी कबूल करून कुणी चिठ्ठीविषयी खोटं बोलत नाही. म्हणजे बुधवारी संध्याकाळी चिठ्ठी होती आणि गुरुवारी दुपारी नव्हती. मधे उरली एक सकाळ. त्या सकाळी कचेरीत तीनच माणसं होती: मामा, दुसरे आणि ती स्वतः.

४

तिनं तो कागद खिडकीपाशी नेला.

काम करताना गुणगुणायची तिला सवय होती. कळांच्या तालावर दोन-दोन ओळी आपोआप जुळत, जुन्या बायकांच्या गळ्यात जुळायच्या तशा. आताही ओठांवर आल्या:

चौकटीत खूण, खुणेला गं नाही नाव
कुण्या माउलीची लेक, कुठलं तिचं गाव

फॉर्म खरा होता, म्हणजे छापलेला. शिक्का खरा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल टिंबही होतं, हुबेहूब. पण टिंब कुणीही देऊ शकतं. गठ्ठ्यातला कोणताही दुसरा फॉर्म समोर ठेवला की झालं. टिंबावरून काही ठरत नव्हतं.

मग ती चौदाव्या प्रश्नावर आली. 'गांजा किती वेळा ओढतोस/ओढतेस?' उत्तरावर निळ्या पेनाची खूण: कधीच नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं: 'कधीच नाही' असं उत्तर असेल तर थेट प्रश्न बाविसावर जा.

पंधरा ते एकवीस. सात चौकटी. सातही रिकाम्या.

रिकाम्या नव्हत्या.

तिनं दुसरा चष्मा लावला. प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक छोटी आडवी रेघ होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

मुलं अशा सात चौकटींचं काय करतात ते तिला चौदा वर्षं बघून पाठ होतं. काही त्या तशाच सोडतात. काही सूचना न वाचता भरून टाकतात. एखादं सगळ्यांवरून मोठी फुली मारतं, एखादं तिथं मांजर काढतं. सातही चौकटींत नीट, सारखी, मधोमध रेघ एकही मूल मारत नाही.

ती रेघ या कचेरीची होती. सात वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ठरवलेली. चौकट मुलानं विसरून सोडली की नियमानं सोडली, हे नंतर कळावं म्हणून नियमानं सोडलेलीत रेघ मारायची. मॅडम तेव्हा इथं नव्हत्याच. मामा फॉर्मला पेन लावत नाहीत. मुख्याध्यापकांच्या शाळेतल्या कुणालाही ती ठाऊक असायचं कारण नाही. आणि गठ्ठ्यातल्या बाकी फॉर्मांवर ती रेघ होती ती लाल, तिच्या पेनाची, पहिल्या नोंदीच्या वेळी मारलेली.

ही रेघ निळी होती. ज्या पेनानं खुणा केल्या, त्याच पेनाची. मुलाचं सोंग घेऊन फॉर्म भरणाऱ्या हातानं सात चौकटी मोकळ्या बघितल्या आणि न विचारता, सवयीनं, आपलं काम करून टाकलं.

ती रेघ मारणारी दोनच माणसं होती. एक ती.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळा वाजत होत्या. मग थांबल्या.

"ताई," दुसरे वळून न बघता म्हणाले, "केव्हापासून तो कागद बघताय. चहा सांगू का?"

५

"तुमची मुलगी कितवीत आहे हो, दुसरे?"

ते हसायला गेले आणि अर्ध्यात राहिले.

"नववी झाली आत्ता."

तिनं कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट टेकवलं. त्यांनी रेघ बघितली. आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि पन्नाशीचा माणूस खुर्चीत हळूहळू लहान होत गेला.

"हात गेला असेल," ते म्हणाले. "बघा ना. एवढं सगळं जपून केलं आणि हात गेला."

"मूळचा फॉर्म कुठं आहे?"

"तुकडे करायच्या यंत्रात घातला. त्याच दिवशी." ते थोडं थांबले. "तिची खूण, ताई. बरोबरची खूण करताना शेवटी शेपटी खाली वळवते. छत्रीच्या मुठीसारखी. तिची आई यादीवर तशीच करायची. पहिल्या पानावर मला वाटलं, असेल कुणाची तरी. दुसऱ्या पानावर 'घरी कोण कोण असतं', तिथं आईच्या चौकटीत काही नाही. आणि खाली चौदाव्याला 'रोज'."

"ज्याचं मूल यादीतल्या शाळेत आहे त्यानं आधी सांगायचं असतं."

"कोणती शाळा आहे ते आम्हाला कुठं कळतं? नंबर कळतात." आवाज चढला आणि तितकाच खाली आला. "चौदा वर्षं मी लोकांच्या मुलांची कारणं भरतोय. एक, मित्रांचा प्रभाव. दोन, घरात भांडणं. तीन, आई किंवा वडील नसणं. चार, झोप न लागणं. झोपेत विचारलं तरी सांगेन. पण स्वतःच्या घरात तीन नंबर आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. पिवळी चिठ्ठी बघितली आणि वाटलं, झालं. 'रोज'साठी चिठ्ठी लागली. आता समुपदेशक बाई बोलावणार, ही पोर खरं बोलणार, ती खरंच बोलते हो, आणि मुख्याध्यापक तिला शाळेतून काढणार."

"चिठ्ठी 'रोज'साठी नव्हती," टिंबताई म्हणाली. "म्हणजे तेवढ्यासाठी नव्हती. तुम्ही शेवटचं पान बघितलंत का?"

"शेवटचं?"

"दुसरे, शेवटचं पान वाचलंत का तुम्ही?"

"दुसऱ्या पानावरच माझं घर बसलं होतं, ताई. पुढं काय वाचू? तुमच्यानंतर मला नोंद करायची होती, गुरुवारी सकाळी तुम्ही कचेरीत यायच्या आत. मी कोरा घेतला आणि भरत सुटलो. शेवटचं पान कोरंच ठेवलं. का? काय होतं?"

तिनं त्यांची खुर्ची तिच्या पडद्याकडे वळवली.

त्यांनी चार वाक्यं वाचली. ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखी.

"तुम्ही काय केलंत घरी जाऊन?" तिनं विचारलं. "बोललात तिच्याशी?"

"एक शब्द नाही." जणू ती त्यांची एकच चांगली गोष्ट होती, अशा सुरात ते म्हणाले. "तिला कळू दिलं नाही. संध्याकाळी ती क्लासला गेल्यावर दप्तर तपासलं, आतल्या कप्प्यात पुडी सापडली, ती नाल्यात टाकली. बस. तेव्हापासून ती घरातच आहे. गप्प आहे. मला वाटलं, सुटली."

"आत्ता घरी आहे?"

"असेल." ते उठले. "असेल ना?"

६

ती घरी होती.

दोन खोल्यांचं घर, धुतलेली भांडी पालथी घातलेली, खिडकीत एक खुर्ची. मुलगी त्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि खालच्या रस्त्याकडे बघत होती. दुसऱ्यांनी दारातच श्वास सोडला. सगळं ठीक आहे, पोरगी आहे, असा श्वास. टिंबताईला तसा सोडता आला नाही.

"बाबा, तुम्ही लवकर? आणि या कोण?"

"मी तुझ्या बाबांबरोबर काम करते. मला मावशी म्हण." ती जमिनीवरच बसली. "बाळा, शाळेत फॉर्म भरलास ना? शेवटच्या पानावर लिहिलंस, मला विचारा. मी विचारायला आलेय. काय सांगायचं होतं तुला?"

मुलीनं तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग परत तिच्याकडे.

"परीक्षा संपायच्या आत, असं लिहिलं होतं मी."

"हो. उशीर झाला. आमच्यामुळे झाला."

"मग आता कशाला?"

"तरीही विचारतेय."

खाली कुणी शटर ओढलं. मग मुलगी बोलायला लागली, आणि ती जशी बोलली त्यावरून टिंबताईला कळलं की वाक्यं तीन आठवडे तयार होती.

"ते माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या बाकावरची, तिच्यासाठी होतं. तिचा भाऊ तिला मारतो. पट्ट्यानं. तिला झोप लागत नाही, ओढलं की लागते. आधी ती खूप ओढायची. मग मीच म्हटलं, पुडी माझ्याकडे ठेव. मी रोज तिला एवढंसं द्यायचे, आणि तिनं एकटीनं ओढू नये म्हणून बरोबर बसायचे. मीपण ओढायचे. खोटं नाही सांगत. पण ती कमी करत होती, मावशी. आधी चारदा, मग दोनदा, मग एकदा."

सोबत. टिंबताईनं हा शब्द बघितला होता. 'इतर'ला नंबर द्यावा लागतो म्हणून तिनं त्याला एक नंबर दिला होता: मित्रमैत्रिणींचा प्रभाव. अर्धा सेकंदही लागला नव्हता.

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"शपथ घातली होती तिनं. आपणहून कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं, असं नव्हतं त्यात. ते मी मुद्दाम नव्हतं घालू दिलं." तिनं नाक पुसलं. "ती म्हणायची, परीक्षा झाली की मी भाऊबरोबर जाणार. भाऊ म्हणजे तिचा भाऊ नाही, जो माल देतो तो. टेम्पो चालवतो. सगळे त्याला भाऊच म्हणतात, नाव नाही माहीत. म्हणून मी लिहिलं. मला वाटलं, बाई बोलावतील, सगळ्यांना बोलावतील, मला विचारतील, मी सांगेन. मग शपथ मोडली असं होणार नाही. मी रोज वाट बघत होते वर्गात, की आता बोलावतील."

"आणि मग?"

"मग माझ्या दप्तरातून पुडी गेली. गुरुवारी. तिला वाटलं मीच संपवली. म्हणाली, तूपण तसलीच. आणि रोज स्वतःच जायला लागली त्याच्याकडे. शनिवारी शेवटचा पेपर दिला आणि बाहेर टेम्पो होता. ती त्यात बसून गेली."

दुसरे स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभे होते. मुलगी त्यांच्याकडे वळली. तिला आता कळलं होतं. ती हुशार होती.

"बाबा, तुम्हाला माझी खूण कळली?"

त्यांनी मान हलवली.

"पुडीपण तुम्हीच?"

परत मान.

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर," ते ओट्याकडे बघत म्हणाले, "तर तुला कळलं असतं ना, मी वाचलं म्हणून."

"मग?" मुलगी म्हणाली.

टिंबताई उठली. पोलिसांकडे जायचं, पण तिथं पहिलं विचारतील की घरच्यांची तक्रार आहे का. म्हणून आधी त्या मुलीच्या घरी.

"मी येते," मुलगी म्हणाली. "मला माहीत आहे कुठं राहते."

७

तिसरा मजला. दार अर्धंच उघडलं. आतून टीव्हीचा आवाज आणि एका तरुण माणसाचा.

"कोण आहे?"

"कुणी नाही," दारातली बाई मागं बघून म्हणाली. मग पुढं, मोठ्यानं, "काय हवंय?"

"तुमची मुलगी घरी आहे का?"

"मावशीकडे गेलीय. सुट्टी लागली ना. महिनाभर राहणार आहे तिकडे." पाठ केलेलं, एका दमात. बाईच्या एका डोळ्याखाली जुनं होत आलेलं काळंनिळं होतं. "या आता."

दार लागलं.

तिघं जिना उतरले. तळाशी पोचतात तोच वरून चपला वाजल्या. बाई कचऱ्याची बादली घेऊन धावत खाली आली. बादलीत काही नव्हतं.

"मला बहीण नाही," ती म्हणाली. धाप लागली होती. "एकुलती एक आहे मी. मुलगा म्हणाला, कुणी विचारलं तर मावशीकडे गेली म्हणून सांग, इज्जत राहील. कुणी विचारलंच नाही हो. तीन दिवसांत तुम्हीच पहिले आलात. काय माहीत आहे तुम्हाला? सांगा ना. लवकर सांगा."

मुलीनं सांगितलं. टेम्पो, भाऊ, शनिवार. टेम्पोचा रंग सांगितला. नंबर सांगता आला नाही. बाई ऐकत होती आणि बादलीची कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"वय काय असेल त्याचं?"

"तीस असेल," मुलगी म्हणाली. "जास्तच."

बाईनं डोळे मिटले आणि उघडले.

"खायला घालत असेल ना तिला?"

टिंबताईनं तिच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली.

"आमच्याबरोबर चला," टिंबताई म्हणाली. "चौकीवर. तुमच्या सहीशिवाय ते लिहून घेणार नाहीत. मी बरोबर आहे, हे आहेत. आत्ता चला, अशाच."

बाईनं स्वतःच्या पायांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. एक पाऊल टाकलंही. मग ती मुलीकडे वळली.

"तू तिच्या बाकावर बसायचीस ना गं? तुला सगळं माहीत होतं. मग तू का नाही बोललीस?"

दुसऱ्यांनी तोंड उघडलं. टिंबताईला वाटलं, आता तरी हा माणूस सांगेल, की ती बोलली होती, लिहून दिलं होतं तिनं, मी ते फाडलं. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून हाक आली.

"आई! कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही रे. आले," बाई वर तोंड करून म्हणाली. "आले, आले."

तिनं बादली उचलली आणि ती जिना चढू लागली. प्रत्येक वळणावर बादली कठड्याला लागत होती. तिसऱ्या मजल्यावर दार लागलं, आणि मग जिन्यात काही ऐकू येईना.

दुसरे पहिल्या पायरीवर बसले. त्यांनी सरकून शेजारी जागा केली. मुलगी उभीच राहिली.